स्पेनहून आलेला कारागीर

रेमिहियाबाईंच्या पत्राला आम्ही चार वर्षं उत्तर दिलं नाही. 'आम्ही' म्हणतो, कारण मी एक जुना टाइपरायटर आहे आणि ती चूक माझ्याच कळांनी उमटली होती.

मित्रांनो, एकेकाळी स्पेनच्या ताब्यात असलेल्या साकातेकास शहरात एका लहान चौकावरच्या खिडकीत माझं टेबल आहे. माझे मालक एवारिस्तो या शहराचा इतिहास लिहितात. चांदीच्या खाणी, गुलाबी दगडाचं कॅथीड्रल, टेकडीवर जाणारा हवाई पाळणा, सगळं आम्ही लिहिलं. प्रवासी आमची पुस्तिका हातात धरून फिरत. मला गर्व होता.

खिडकीखालच्या चौकातल्या कारंज्याबद्दल मात्र आम्हाला काहीच माहीत नव्हतं. पाथरवटांच्या वस्तीत जाऊन विचारायला मालक लाजले. इथे सुंदर दिसेल ते स्पेनहून आलं, असं म्हणायची सवयच आहे. आम्हीही लिहिलं, 'स्पेनहून आलेल्या कारागिराने घडवले.' वाक्य कानाला बरं वाटलं.

'ते माझे वडील सेनोबियो यांनी घडवलं. कृपया दुरुस्त करा,' असं रेमिहियाबाईंनी कळवलं. मालकांनी पत्र माझ्याखाली सरकवलं आणि तेव्हापासून ते मला टाळू लागले. माझ्यावर धूळ बसली. कळा अडखळू लागल्या.

तीन मेला इथले गवंडी आणि पाथरवट आपण केलेल्या कामावर कागदी फुलांनी सजवलेला क्रूस बांधतात. यंदा म्हाताऱ्या रेमिहियाबाई तो घेऊन कारंज्यापाशी आल्या, तर एका गाइडने त्यांना अडवलं.

"आजी, हे तुमच्या घरचं काम नाही. पुस्तकात लिहिलंय, कारागीर स्पेनचा."

"माझा बाप? अरे, त्याला बाजारातून घरची वाट सापडायची नाही. तो स्पेनहून कधी आला?"

प्रवासी हसले. गाइडने आमचं पान उघडून दाखवलं. बाईंनी क्रूस शालीत गुंडाळला आणि त्या परत गेल्या.

मालक पडद्याआड उभे होते. त्यांची थोरली बहीण आम्पारो म्हणाली, "खाली जाऊन बोलता नाही आलं तुला?"

"काय बोलू, ताई?"

"हेच, की तुला लिहिता येतं, विचारता येत नाही."

मालकांनी माझी धूळ पुसली आणि बाईंना उत्तर टाइप केलं. 'कारंजं तुमच्या वडिलांचं आहे. मी कुणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत त्यांचं नाव येईल. तुम्ही म्हणाल त्या दिवशी क्रूस घेऊन या. मी शेजारी उभा राहीन आणि चूक माझी होती, हे गाइडसमोर सांगेन.'

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेल घाला, पण खरं-खोटं आम्हाला कळत नाही. ते विचारून येण्याचे कष्ट तुम्ही घ्या.

पाकिटावर पत्ता टाइप करताना तीनदा चुकला. ताई पत्र टाकायला निघाल्या, तर मालक नको म्हणाले आणि टोपी घालून स्वतः उतरले. चौकातल्या पत्रपेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग वळले, तेव्हा त्यांचे हात रिकामे होते.