ओरनच्या पेशी

संशोधक डर्व्हलाने पेशींच्या थरावर तेल सोडलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, नुअला. कोट तरी काढा."

"काढते गं. तू तुझं बघ."

कोट काही निघाला नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या त्या प्रयोगशाळेत नुअला नेहमी यायची. येताना घरचा सोडा ब्रेड आणायची आणि "माझा मुलगा नीट जेवतो ना?" असं विचारून सगळ्यांना हसवायची. तिचा ओरन फुप्फुसं बदलल्यावर महिनाभरही जगला नाही. काढून टाकलेल्या जुन्या फुप्फुसांतल्या ग्रंथींच्या पेशी मात्र इथे गोठवून ठेवल्या होत्या. त्यांतली शेवटची कुपी आज वापरली होती. या प्रयोगात पेशी मरणार होत्या आणि मग ओरनचं म्हणून जिवंत काहीच उरणार नव्हतं.

नुअलाने होकार द्यायला फार दिवस लावले. पण धाकट्या लेकीला, मेव्हलाही तोच फुप्फुसात कफ साचण्याचा जन्मजात आजार, जनुकातही अगदी तोच दोष. मिळतात त्यांतलं एकही औषध तिला लागू पडत नव्हतं. हे नवं औषध ओरनच्या पेशींवर चाललं, तरच मेव्हला ते द्यायचं ठरलं होतं.

डर्व्हलाने आधी नुसतं चेतवणारं रसायन टाकलं. पडद्यावर पेशी एकामागून एक हिरव्या उजळल्या.

"हे हिरवं म्हणजे कॅल्शियम. पाणी सोडा, असा निरोप पोचला."

"मग?"

"पाणी येत नाही. निरोप कळतो, पण दार उघडत नाही. म्हणून तर कफ चिकटून बसतो."

"म्हणजे बिचारा ऐकत होता," नुअला म्हणाली. "आणि मी रोज त्याच्या पाठीवर थापा मारत ओरडायचे, जोर लाव की रे आळशा!"

डर्व्हलाने नवं औषध सोडलं, थोडं थांबून पुन्हा तोच निरोप दिला. नुअलाचा जीव टांगणीला लागला. पुढ्यातला चहा गार झाला.

तेलाखाली एक बारीक थेंब फुगला. त्याच्या शेजारी दुसरा. मग कितीतरी.

"आलं! नुअला, पाणी आलं!" डर्व्हलाने तिचा दंड घट्ट धरला. "मेव्हला फोन करा आधी!"

नुअलाने फोन काढला, मेव्हचं नाव शोधलं आणि तिचं बोट तिथेच थांबलं. लेकीसाठी आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. तरी फोन तसाच हातात धरून ती पडद्याजवळ वाकली.

"किती उशीर केलास रे, सोन्या."