पाठमोरा दवाखाना

मंत्री एक तास आधी आले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात असा प्रकार पूर्वी घडलेला नसल्याने त्यावर काय उपाय करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विश्रामगृहाच्या हॉलमध्ये विश्वनाथने आपलं मॉडेल नुकतंच टेबलावर टेकवलं होतं. ते फिरवायला त्याने हात घातला, तोवर मंत्र्यांची काठी मॉडेलवर येऊन थांबलीसुद्धा.

बायकांच्या सरकारी दवाखान्यासाठी आर्किटेक्ट निवडायचा होता. वशिला चालू नये म्हणून मॉडेलवर नाव नव्हतं, फक्त नंबर होता. एवढी गुप्तता पाळून झाल्यावर प्रत्येक आर्किटेक्टला आपापल्या मॉडेलमागे उभं केलं होतं. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीचं नाव लपवावं आणि बापाला तिच्या शेजारी बसवावं, तसं.

विश्वनाथची पंचेचाळिशी उलटली होती. आजवर त्याने बर्डीच्या बाजारातल्या दुकानांचे पोटमाळे काढले होते. काटोलच्या एका संत्रेवाल्याचा बंगलाही बांधला होता. त्यात जिना राहून गेला, तो मागाहून बाहेरून लावला. सरकारी काम हे पहिलंच, आणि ते त्याला एका व्हरांड्यासाठी हवं होतं.

त्याची बायको सुमती पहिलटकरीण होती तेव्हा तिची आई, जिजाबाई, भर मे महिन्यात काटोलहून बसने आली. दवाखान्यात नातेवाइकांना बसायला जागा नव्हती. दिवसभर ती डबा मांडीवर घेऊन फाटकापाशी उन्हात बसली. संध्याकाळी नातू दाखवला, तर तिने विचारलं, "याचं तिकीट काढलं का गा?" सगळे हसले. ऊन डोक्यात गेलंय हे रात्री कळलं, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

म्हणून या मॉडेलला रस्त्याच्या बाजूने लांबरुंद व्हरांडा होता. त्याचे खांब सुमतीने आगकाड्यांचे केले होते, आणि खांबांमागे कणकेच्या बाया बसवल्या होत्या. सायकलरिक्षात धक्क्याने काड्या मोडू नयेत म्हणून विश्वनाथने व्हरांड्याची बाजू छातीशी धरून मॉडेल आणलं, आणि धरलं होतं तसंच टेबलावर ठेवलं. आता व्हरांडा त्याच्याकडे बघत होता आणि मंत्र्यांकडे दवाखान्याची पाठ होती.

"हे बरंय," मंत्री म्हणाले. "बाकीच्यांनी नुसते खांब लावलेत, मांडव घातल्यासारखे. हे कसं सरळ! आणि वरच्या या बारक्या खिडक्या बघा. एका ओळीत. शिस्त आहे."

ते संडासांचे झरोके होते.

'साहेब, ही मागची बाजू' एवढं वाक्य विश्वनाथच्या जिभेवर तयार होतं. त्याने ते गिळलं आणि मान डोलावली. काठी पुढे सरकली नाही. नंबर चार पसंत झाला.

बाहेर कार्यकारी अभियंता चंपतराव तंबाखू मळत उभे होते.

"साहेब, ती मागची बाजू होती हो," विश्वनाथ म्हणाला.

"मले दिसलं ना."

"मग बोलले काहून नाही?"

"तुम्ही काहून नाही बोलले? मॉडेल काय माह्या बापाचं होतं?" चंपतरावांनी चिमूट तोंडात टाकली. "आता साहेबानं काठी ठेवली तेच तोंड. तुम्ही फिरवसान तं दुसऱ्या नंबरवाला बसूनच आहे. तो तं चारही बाजूंनी तोंड करून देते."

घरी सुमतीने दारातच विचारलं, "झालं?"

"झालं."

"व्हरांडा?"

"आहे ना व्हरांडा."

हे खोटं नव्हतं. बांधताना काहीतरी जमवू, असं त्याला वाटत होतं. इमारत फिरवता येत नाही म्हटल्यावर त्याने रस्ताच मागच्या बाजूला नेण्याचा प्रस्ताव दिला. तो प्रस्ताव दोन वर्षं फिरला आणि रस्ता आपल्या खात्याचा नाही अशा शेऱ्यासह परत आला. तोवर भिंती उठल्या होत्या. व्हरांडा नाल्याकडे तोंड करून उभा राहिला. मेहतरासाठी ठेवलेलं मागचं दार रुंद करून त्यालाच मुख्य दार म्हणू लागले.

उद्घाटनाला सुमती आली. भाषणं चालली असताना ती उठली, भिंतीच्या कडेकडेने, नाकाला पदर लावून मागे गेली. बऱ्याच वेळाने परतली.

"चांगला झालाय," ती म्हणाली. "हवा येते."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर विश्वनाथला सरकारी कामं मिळत गेली. त्याच्या इमारतींत शिस्त असते, असं खात्यात बोललं जाई. सुमतीने मात्र पुन्हा त्याच्या कुठल्या मॉडेलला हात लावला नाही.

पुढे एका मे महिन्यात, दुपार कलल्यावर, विश्वनाथ त्या रस्त्याने सायकल हातात धरून चालला होता. दवाखान्यासमोर सावली अशी एकच होती, उद्घाटनाच्या उभ्या फरशीची. मंत्र्यांचं नाव मोठं असल्यामुळे फरशीही मोठी बसवली होती. तिच्या सावलीत चार बाया अंग चोरून बसल्या होत्या. पाचवी मावली नव्हती. ती डबा मांडीवर घेऊन उन्हात होती.

"बाई, मागं व्हरांडा आहे," विश्वनाथ म्हणाला. "तिथं बसा ना जाऊन."

"तिथं तं मोडक्या खाटा भरल्या, बाप्पा. अन् लेक इकडं आहे. नर्स या दारातून हाका मारते. मागं ऐकू येईन काय?"

"नाही येणार."

"मंग? कोण्या येड्यानं बांधलं काय मालूम."

फरशीवर शेवटच्या ओळीत विश्वनाथचं नाव होतं. त्याला टेकून बसलेल्या बाईच्या पदराने ते झाकलं होतं.

त्याने सायकल भिंतीला लावली. दोन पावलं डावीकडे सरकला, मग थोडा मागे झाला. त्याची सावली बाईच्या डोक्यावर आली. तिने वर पाहिलं.

"कोणाची वाट पाहून राहिले, भाऊ? सून आहे काय आत?"

"हो," विश्वनाथ म्हणाला.

ऊन सरकलं तसा तोही सरकत राहिला. नर्सने हाक मारली, बाई डबा घेऊन लगबगीने आत गेली, तरी तो तिथेच उभा होता. खाली मोकळ्या जमिनीवर त्याची सावली पडली होती.