शिकंज्यात आलेली जपानी कादंबरी

मित्रांनो, शिकंजा म्हटल्यावर घाबरू नका. पण अगदीच निर्धास्तही राहू नका. मी बाइंडरचा जुना लोखंडी शिकंजा आहे. पुस्तकं दाबणं हे माझं काम. खाली एक जाड पाट, वर एक जाड पाट आणि माथ्यावर आडवा दांडा. दांड्याला एक हिसका दिला की वरचा पाट गरगरत खाली येतो आणि मधे जे असेल ते चेपून काढतो. मधे काय आहे, हे विचारायची माझी पद्धत नाही.

माझा जन्मच मुळी मारझोडीतला. कामठी रोडवरच्या एका भट्टीत मला वितळवलं, साच्यात ओतलं आणि मग कानशीने असं सोलून काढलं, की आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. तिथून मला महादेवराव बाइंडरांनी महाल भागातल्या एका वाचनालयाच्या पडवीत आणून बसवलं. काय लाड केले हो त्या माणसाने! दर शनिवारी तेलपाणी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘हा माझा पहिलवान.’ ते गेले आणि पहिलवानाची पार रया गेली. लोक माझ्या दांड्याला ओल्या छत्र्या अडकवू लागले. तंबाखूचा खर्रा खाऊन कोणी माझ्या पायाशी थुंकलं तरी मी काय करणार?

माझे दिवस पालटले ते जपानमुळे. खोटं वाटेल, पण खरं आहे. ग्रंथपाल शोभाताईंनी वाचकांना आव्हान दिलं, की दर महिन्याला प्रत्येकाने एक जपानी कादंबरी वाचायची. मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत. वाचून झाली की रविवारी पडवीत उभं राहून एका माणसाचं नाव घ्यायचं, ती त्याच्या हातात द्यायची आणि त्यालाच का, ते सांगायचं. ज्याचं नाव निघालं त्याने नाही म्हणायचं नाही. आधी सगळे हसले. पात्रांची नावंच कोणाला पाठ होईनात. शंभर पानं झाली तरी माणूस नुसता चहा पिऊन राहिला, अशी आनंदराव मास्तरांनी तक्रार केली, आणि पुढच्या रविवारी दुसरी कादंबरी मागायला सगळ्यांच्या आधी तेच हजर! पुस्तकं हातोहात फिरली, खिळखिळी झाली, म्हणून प्रेमानंद नावाचा नवा बाइंडर आला. त्याने माझा गंज खरवडला आणि मी पुन्हा कामाला लागलो.

सगळ्यात जास्त वाचायची ती कामिनी, काटोलकडून लग्न होऊन आलेली. तिची पुस्तकं मात्र नेहमी फाटून यायची. वासराने चावलं, असं ती सांगायची. मित्रांनो, वासरू कोपरा चघळतं. ही पानं दोन मुठींनी ओढलेली असत. एकदा तर पानं रक्ताने चिकटून आली. प्रेमानंदने ओल्या कापसाने पुसली, डाग गेला नाही, आणि ते रक्तही मलाच दाबावं लागलं. तिचा नवरा अश्विन तिला मारतो, हे पडवीत कोणाला ठाऊक नव्हतं? तिचा सुजलेला डोळा समोर दिसायचा आणि मंडळी जपानमधल्या बर्फावर बोलायची. माझा नुसता संताप व्हायचा.

एका रविवारी ती गळ्यात हात बांधून आली. तिने वाचलेली कादंबरी एका कोळ्यांच्या गावातली होती. नवरा बायकोला गुरासारखा मारतो आणि म्हातारी सासू त्याच खोलीत बसून जाळं विणत राहते. कामिनी उभी राहिली आणि म्हणाली, “ही मी माझ्या सासूबाईंना देते.”

सासू इंदूबाई पायरीवरच बसलेल्या होत्या. सुनेवर नजर ठेवायला अश्विननेच त्यांना पाठवलं होतं. त्या कसनुशा झाल्या, आपल्याला वाचता येत नाही म्हणाल्या. कामिनीने वाचून दाखवीन म्हणून सांगितलं. नाव निघालं होतं, नाही कसं म्हणणार?

पुढे काही आठवड्यांनी इंदूबाई एकट्याच आल्या. पिशवीतून त्याच कादंबरीचे दोन तुकडे काढले. अश्विनने ती मधोमध फाडली होती आणि एक तुकडा कामिनीच्या तोंडावर हाणला होता. प्रेमानंदला वाटलं, दंड विचारायला आल्या. त्या म्हणाल्या, “जोडून दे गा. त्या बाईचं पुढे काय होते, ते मले आयकाचं आहे.”

प्रेमानंदने ती शिवली, खळ लावली आणि माझ्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी दोघी न्यायला आल्या, आणि मागोमाग अश्विन. आल्या आल्या त्याने कामिनीच्या कानफटात अशी दिली, की तिचं डोकं खांबावर आपटलं. प्रेमानंद मधे पडला, तर त्याच्या तोंडावर ठोसा. बिचाऱ्याचा दात पडला, खळीचं भांडं उलटलं. मग अश्विनने एका हाताने कामिनीचे केस पिळून धरले, दुसऱ्याने माझा दांडा सैल केला आणि कादंबरी ओढून काढायला हात आत घातला.

इंदूबाईंनी दांड्याला हिसका दिला. म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. वरचा पाट गरगरत खाली आला. आजवर मी पुठ्ठे दाबले, कापड दाबलं. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज निराळाच असतो. अश्विन “माय वं” म्हणून किंचाळला. इंदूबाई सगळा भार टाकून दांड्यावर ओणवल्या होत्या.

“तिचे केस सोड आधी,” त्या म्हणाल्या. “तुह्या बापाचा हात मले कधी धरता नाही आला. तुहा धरला.”

त्याने केस सोडले, तेव्हाच त्यांनी दांडा उलटा फिरवला. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं.

पोलीस आले. हात कोणी दाबला, असं त्यांनी विचारलं, तर “मी दाबला,” म्हणत इंदूबाई सरळ पुढे झाल्या. घर त्यांच्या नावावर आहे. अश्विनला त्यांनीच घराबाहेर काढलं. तो आता कन्हानला कोणा मित्राकडे राहतो. कादंबरीचा शेवट कामिनीने इथेच, माझ्या शेजारी बसून वाचून दाखवला. त्या बाईला नवरा मारून टाकतो. म्हातारी जाळं विणत राहते. इंदूबाईंनी कादंबरी तिच्या हातातून घेतली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या मायाचा नवराही हात उचलतो, हे गल्लीभर माहीत होतं. मायाची सासू वच्छला समोरच बसली होती. इंदूबाईंनी कादंबरी तिच्या मांडीवर ठेवली.

“यातली म्हातारी शेवटपर्यंत बसूनच राहते,” त्या म्हणाल्या. “तू बसू नको वं.”

मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, माझ्यावर छत्र्या टांगू नका, एवढं मागायचा मला हक्क आहे. फाटलेलं पुस्तक दिसलं तर आणा, प्रेमानंद ते शिवेल, मी दाबीन. पण आणण्याआधी ते कोणी फाडलं, हे विचारा. आणि कोणी वासराचं नाव सांगितलं, तर तिच्या घरापर्यंत सोबत जा.