उजवीकडून घरी

कवळ्या बनवण्यात सूनबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात तसूभर हलत नसे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणत, हिची कवळी घातलेला माणूस कारण नसताना हसत सुटतो. अशा या खमक्या बाईने एक पुस्तक कित्येक महिने कपाटात स्वेटरांखाली दडवलं होतं आणि ते उघडायची तिची छाती होत नव्हती.

पुस्तक म्हणजे तिच्या लाडक्या मांगा मालिकेचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, शेवटचा खंड. मालिकेचा नायक जहाजावरचा आचारी. आईशी कडाक्याचं भांडून घर सोडलेला आणि पहिल्याच खंडात पस्तावलेला. तेव्हापासून बापडा घरी निघालाय. कधी वादळ आडवं येतं, कधी चाचे, आणि बाकी वेळ त्याचा स्वभाव, कारण कुणी उपाशी दिसलं की हा तिथेच चूल मांडणार. शाळेत असल्यापासून सूनबाई त्याच्या मागे मागे फिरत होती. नवरा म्हणायचा, "हिने त्याला आधीच वरलंय. मी आपला दुसरेपणाचा."

घाबरण्याचं कारण तिने कधी लपवलं नव्हतं. ती वसतिगृहात राहून शिकत असताना आई आजारी पडली. निरोप मिळताच ती तडक निघाली, पण पोचेपर्यंत आई गेली होती. त्या दिवसांत कुणाचं सांत्वन तिला सोसवत नसे. आचारी मात्र चालायचा, कारण तोही अजून वाटेतच होता. आता तो पोचला नाही, किंवा पोचला आणि घर रिकामं निघालं, तर ते तिला झेपणार नव्हतं. वाचलंच नाही तर निदान तो वाटेत तरी राहील, असा तिचा साधा हिशोब होता. शेवट सांगेल त्याची खैर नाही, अशी तंबी तिने घरीदारी सगळ्यांना दिली होती.

रविवारी दुपारी तिघं जेवायला बसले. सासरे दुकानांच्या पाट्या रंगवून निवृत्त झालेले. पाय मुरगळल्यामुळे आठवडाभर घरात अडकून पडले होते.

"तुझं ते चित्रांचं पुस्तक वाचून काढलं गं," ते म्हणाले. "स्वेटर शोधायला गेलो, तर खाली हे."

सूनबाईच्या हातातला डाव हवेतच राहिला. "बाबा, पुढे एक शब्द बोलू नका!"

"शेवट नाही सांगत, बाई. एवढं कळतं मला. नुसती सुरुवात सांगतो."

सुरुवातीला काय हरकत! तिने वाढायला घेतलं.

"तो मुलगा आईच्या स्वयंपाकघरात बसलाय. म्हातारी वाढतेय, हा जेवतोय, दोघांचे डोळे भरलेत. आणि पानावरून उठून हा चालता होतो! तोही कसा, तर तोंड घराकडे आणि पाय बंदराकडे. म्हातारी मुकाट्याने दार लावून घेते. माझ्या तर पोटात तुटलं. असल्या कार्ट्याला चांगला फोडून काढला पाहिजे. आणि बोलण्याची तऱ्हा काय या लोकांची! आधी उत्तर देतात, मग प्रश्न विचारतात."

नवऱ्याला ठसका लागला. "बाबा, ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात! तुम्ही उघडलंत त्या बाजूला मोठ्या अक्षरांत सूचना असते."

"सूचना? अरे, सूचना रंगवण्यात माझी हयात गेली. वाचताना एक माणूस पाहिला नाही मी. मी कशाला वाचू?"

सूनबाई हसली नाही. तिचा पारा चढला होता. इतके महिने जिवापाड जपलेला शेवट या गृहस्थांनी भाजीबरोबर वाढून टाकला! पण राग धड उभा राहीना, कारण सासऱ्यांनी सांगितलेलं सगळं तिच्या मनात आपोआप सुलट होत होतं. बंदर, टेकडी, दार. आणि दारात आई. इतका उशीर होऊनही आई होती.

ती उठली, हात धुतले, पुस्तक आणून सासऱ्यांशेजारी बसली आणि उजवीकडून उघडलं. सासरे पानावर वाकले. दोघं शेवटच्या पानांशी आले, तेव्हा जहाज धक्क्याला लागलं. आचारी टेकडी चढू लागला आणि दर चौकटीत घर थोडं मोठं होत गेलं.

"अगं, हा तर येतोय!" सासरे ओरडले.

दार उघडलं. म्हातारीने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "भूक लागलीय?" तिने विचारलं. तो म्हणाला, "खूप." बस्स, एवढंच. सूनबाईला हुंदका फुटला, आणि तिने तो आवरला नाही.

"मला नाही हो पोचता आलं, बाबा."

"माहितीय गं पोरी." सासऱ्यांनी बाहीने आपलेही डोळे पुसले. आचारी जेवत होता तोवर ते पानाकडे बघत राहिले. मग तिच्याजवळ सरकून म्हणाले, "पानं मागे घे. बंदरापासून. पुन्हा एकदा घरी येऊ दे त्याला."