गोऱ्याच्या देवळाचं गाऱ्हाणं

आमच्या बंदरातलं चर्च बांधलं एका इंग्रज जकात अधिकाऱ्याने. त्याच्या बायकोला दर रविवारी प्रार्थनेसाठी रत्नागिरीला नेणं त्याला परवडत नव्हतं, असं म्हणतात. जांभ्याच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि छप्पर चढण्याच्या आधीच बाई कायमच्या विलायतेला निघून गेल्या. साहेबाने छप्पर तरीही चढवलं. एकदा कंत्राट दिलं की दिलं.

गाव त्याला गोऱ्याचं देऊळ म्हणतं. साहेब गेल्यावर ते मिशनकडे आलं. पुढे मिशनची माणसं मिरजेला आणि मुंबईला पांगली आणि मिशनने ते नगरपरिषदेच्या हवाली केलं. नगरपरिषदेने वास्तूचा उपयोग करण्यात कसूर केली नाही. तिथे रेशनची साखर राहिली, हापूसच्या पेट्या राहिल्या, पोलिओचे डोस झाले, मतदान झालं, आणि वेदीच्या जागी जाळी बांधून बॅडमिंटनही झालं. प्रार्थना तेवढी झाली नाही, कारण ती करणारी उरली होती तीन घरं. ती विमलासिस्टरांच्या पडवीत नाताळ साजरा करत. पडवीत कोंबड्याही असत. पवित्र शास्त्राच्या वाचनात त्या मधूनमधून भाग घेत.

विमलासिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांनी सुई टोचलेली, त्यामुळे अर्धं गाव त्यांच्यासमोर अजूनही थोडं तिरकं उभं राहायचं. त्यांचं लग्न याच चर्चमध्ये झालं होतं. आता सत्तरी उलटली होती आणि एकच इच्छा उरली होती: एक नाताळ पडवीत नको, तिथे.

२००३ साली संधी आल्यासारखी वाटली. आमदार निधीतून चर्चची दुरुस्ती झाली आणि नाव पडलं ‘ऐतिहासिक वारसा सभागृह’. वारसा कोणाचा, यावर सभागृहाच्या कमिटीत मतभेद नव्हते. तो सगळ्यांचा होता. अध्यक्ष श्यामराव बागवाले म्हणाले, जमीन त्यांच्या पणजोबांनी दिली. उपाध्यक्ष हारुनशेठ म्हणाले, तुळया त्यांच्या पणजोबांच्या गलबतातून दाभोळहून आल्या. दोन्ही पणजोबा संगमरवरी पाटीवर कोरले गेले. त्याच पाटीवर खाली नियमही कोरले गेले. पहिला नियम: सभागृहात धार्मिक कार्यक्रमास सक्त मनाई.

विमलासिस्टर नाताळच्या प्रार्थनेसाठी अर्ज घेऊन श्यामरावांकडे गेल्या. हारुनशेठही तिथेच बसले होते.

“सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे,” श्यामराव म्हणाले. “पण आज तुम्हाला दिलं की उद्या दुसरे मागणार.”

“दुसरे कोण?”

श्यामरावांनी हारुनशेठकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” हारुनशेठ म्हणाले. “आमची मशीद समोर आहे. पंखेसुद्धा चांगले आहेत तिकडचे.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, हारुन.”

“अहो, चर्चमध्ये प्रार्थना नाही करायची, तर कुठे करायची?” सिस्टरांनी विचारलं.

“ते आता चर्च नाही, सिस्टर. वारसा आहे.”

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमदारांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. आमच्याकडे नवं दार उघडताना ती जागा राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, नारळ ठेवतात आणि गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने त्याच्याकडे मागणं मागतो. हा धार्मिक कार्यक्रम नाही, ही पद्धत आहे, असा निर्वाळा श्यामरावांनी दिला. महिपत गुरव आला, नारळ हातात घेतला आणि थांबला.

“घाल की रे,” श्यामराव म्हणाले.

“घालतो वो. पन कोनाच्या नावान? हितला राखणदार कोन?”

गाव एकमेकांकडे बघायला लागलं.

“गावदेवीच्या नावाने घाल.”

“तिची हद्द वढ्याच्या पल्याड. दुसऱ्याच्या घरात तिला कशी घुसवू? उद्या कोन आजारी पडला, तं नाव माजा येल.”

आमदार घड्याळ बघायला लागले. शेवटी हारुनशेठ म्हणाले, “अहो, घर ज्याचं, त्याला ओळखणारं माणूस आहे की इथे. सिस्टर, या पुढे.”

श्यामराव काही बोलण्याआधी महिपतने नारळ सिस्टरांच्या हातात दिलासुद्धा. त्या वेदीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. सवयीप्रमाणे त्यांनी डोळे मिटले.

“हे आमच्या स्वर्गातल्या बापा...”

“व्हय म्हाराजा!” महिपत म्हणाला. त्यालाही सवय होती. मागून सगळं गाव म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

सिस्टरांनी एक डोळा उघडला. गाव हात जोडून उभं होतं. आमदारांचेही हात जोडलेले होते. सिस्टरांनी डोळा पुन्हा मिटला.

“तुझं हे घर तुझ्या लेकरांनी पुन्हा उभं केलं.”

“व्हय म्हाराजा!”

“त्यांच्या बागांना मोहोर दे, दर्यात गेलेल्यांना सुखरूप आण, आखातात गेलेल्यांना सांभाळ.”

“व्हय म्हाराजा!” यात हारुनशेठांचा आवाज सर्वांत मोठा होता. त्यांची दोन मुलं कुवेतला होती.

“आणि दर नाताळला तुझ्या या घराचं दार तुझ्या नावाने उघडं राहू दे. त्याच्या आड येणाऱ्याला सुबुद्धी दे.”

“व्हय म्हाराजा!” गाव म्हणालं. श्यामरावही म्हणाले. अशा ओघात मधेच थांबता येत नाही.

नारळ एका फटक्यात फुटला.

मंडळी पांगल्यावर श्यामरावांनी महिपतला बाजूला घेतलं. “दुसऱ्याच्या देवाच्या नावाने घातलेलं गाऱ्हाणं आपल्याला लागू होतं का रे?”

“व्हय तुमीच बोललाव ना?”

“बोललो. तोंडातून गेलं.”

“मग मोडून बगा,” महिपत म्हणाला. “तुमची आंब्याची कलमा आवंदा मोहोरावर हायत, एवढाच सांगतो.”

आठ दिवसांनी कमिटीची बैठक झाली. नियम बदलणं शक्य नव्हतं, तो संगमरवरात होता. म्हणून एकमताने ठरलं की दर पंचवीस डिसेंबरला सभागृह साफसफाईसाठी उघडं ठेवावं आणि ते काम अनुभवी व्यक्ती म्हणून विमलासिस्टर यांच्याकडे सोपवावं.

त्या नाताळला साफसफाई दोन तास चालली. त्यात पाच गीतं, एक वाचन आणि हारुनशेठांनी पाठवलेला केक होता. श्यामराव देखरेखीसाठी मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसून होते. झाडू आणायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.