हिकरीची फळी

माझा उजवा हात वैशाखातल्या तापापासून थरथरतो, हे कल्याणात फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं. तेव्हापासून जाळीकाम शकूच करायची, आतल्या खोलीत, दार लावून. मी ओटीवर रंधा मारायचो आणि लोकांची वाहवा स्वतःच्या नावावर घ्यायचो. सुताराची बायको करवत धरते हे कळलं असतं, तर दारात एक काम आलं नसतं. मला लाज वाटायची, पण खरं सांगायची छाती नव्हती.

कार्तिकात एका सकाळी स्टेशनातले कारकून त्र्यंबकराव आले. कुणा साहेबाची अमेरिकेहून आणलेली बग्गी मोडली होती. तिच्या दांडीतून चिरून काढलेली वीतभर फळी त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"याला हिकरी म्हणतात, पंढरी. घड्याळाच्या चौकटीला वेलाची जाळी हवी. दुसरा तुकडा मिळायचा नाही, तेव्हा माझ्यादेखत काप."

मी फळी परत त्यांच्याकडे सरकवली. "रावसाहेब, उद्या या ना. परकं लाकूड हाय, जरा वळख होऊ द्या."

"आत्ताच कर ओळख," म्हणाले, आणि पाट ओढून बसलेसुद्धा.

आतलं दार किलकिलं होतं. फटीत शकूचा डोळा दिसला.

वेलाचा कागद फळीवर चिकटवून मी सामत्याने भोक पाडायला घेतलं. सागवानात चार फेऱ्यांत आरपार जाणारा सामता इथे धूर काढायला लागला. कसंबसं भोक पडलं. त्यातून करवतीचं बारीक पातं ओवून कमानीत ताणलं. पहिल्याच वळणावर हात डगमगला आणि पातं तुटलं.

"काय झालं?"

"लाकूड कडक हाय," मी म्हणालो. अर्धं खरं होतं.

दुसरं पातं देठापाशी गेलं. आता एकच उरलं. त्र्यंबकराव वेल सोडून माझ्या मनगटाकडे बघायला लागले. मला सगळ्यांचाच राग आला, त्यांचा, हाताचा, त्या मेल्या बग्गीचा. शेवटचं पातं मेणावर घासलं आणि घाई सोडली. तेव्हा कळलं. सागवान करवतीला वाट देतं, हात हलला की रेघही हलते. हिकरी वाट देतच नव्हती. तिने पातं दोन्ही बाजूंनी गच्च धरलं होतं. वर माझा हात थरथरत होता आणि खाली रेघ सरळ चालली होती.

दुपारी शेवटचं पान सुटलं.

"वा! मला कुणीतरी सांगत होतं, पंढरीचा हात गेला म्हणून," त्र्यंबकराव म्हणाले. "डोंबिवलीच्या घराला सहा खिडक्या आहेत. हाच वेल, सागवानात. उद्यापासून मी असाच समोर बसेन."

मी हसायला गेलो, जमलं नाही. हिकरी संपली होती.

"हात गेलाय, रावसाहेब." मी तो त्यांच्यापुढे धरला. तो मनसोक्त थरथरला. "सहा महिने हितलं सगळं जाळीकाम माझ्या बायकोचं हाय. शकू, भायेर ये."

त्र्यंबकराव ताडकन उठले. आता हे जाणार आणि गावभर करणार, अशी माझी खात्रीच झाली. शकू पदर खोचून आली. त्यांच्याकडे न बघता तिने कमान उचलली, पात्याला नखाने टिचकी मारली आणि कान लावला.

"ढिलं हाय," ती मला म्हणाली. "म्हनून दोन तुटली. आता तुमच्याच्यानं ताण बसत नाय."

तिने खिट्टी पिळली. पुन्हा टिचकी मारली, तेव्हा पातं स्वच्छ वाजलं.

त्र्यंबकराव हळूच पाटावर बसले.