वाढतं माप

"हात वर कर. आणि पोट आत ओढू नकोस, खोटं माप मिळतं," वन्सं म्हणाल्या. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे प्रत्येक शब्द दातांच्या फटीतून गाळून येत होता.

मी स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, पोहण्याच्या निळ्याशार पोशाखात उभी होते. दाराला कडी, खिडकीला चादर. सतरंजीवर पालथं पडलेलं बाळ मान उचलून माझ्याकडे बघत होतं, ही नवीन बाई कोण म्हणून.

"आत चहा मिळेल का?" बाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

"आत कुणी नाही!" वन्सं ओरडल्या, आणि त्यांच्या तोंडातली एक टाचणी उडून फरशीवर पडली. ती सापडेपर्यंत मी त्याच पोशाखात, बाळाला कडेवर घेऊन उभी. वन्सं ओट्याखाली रांगत होत्या. सापडली तेव्हा वर बघून म्हणाल्या, "पट्टे घसरले नाहीत. पोर कडेवर असून घसरले नाहीत. चांगलं लक्षण आहे."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बाकी सगळं जग त्यांना ताई म्हणतं. वडील लवकर गेले तेव्हा त्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर बसल्या, त्या पन्नाशी उलटली तरी तिथेच होत्या. भाऊ शिकला, त्याचं लग्न झालं, त्यांचं राहूनच गेलं. कधी विचारलं तर म्हणायच्या, "अगं, गिऱ्हाईक आलं होतं, पण डिलिव्हरीची घाई होती."

बाळंतपणानंतर मी आरशासमोर उभी राहणं सोडलं होतं. पोट माझं राहिलं नव्हतं. कुणाची तरी वस्तू सांभाळायला घेतल्यासारखं वाटायचं. वन्संनी त्याच्यावरून टेप फिरवली ती टेबलाची लांबी घ्यावी तशी. "इथे थोडं आलंय, तिथे थोडं गेलंय. त्यात रडण्यासारखं काय? कापडसुद्धा एका धुण्यात बदलतं." इतकंच. पण त्या दिवसापासून मी अंघोळीनंतर आरशाकडे पाठ करेनाशी झाले.

हा सगळा उद्योग सुरू झाला शिट्टीबाईंमुळे. त्या पलीकडच्या इमारतीत राहतात. गावातल्या छपराखालच्या जलतरण तलावावर बायकांना पोहायला शिकवतात, आणि गळ्यातली शिट्टी घरीही काढत नाहीत. बॅगेची चेन बसवून घ्यायला आल्या होत्या. चेन बसेपर्यंत म्हणाल्या, "ताई, बायका हौसेनं नाव घालतात आणि दुसऱ्या दिवशी गायब! पाण्याला भिऊन नव्हे हो. साधे सुती कपडे तलावात चालत नाहीत, आणि दुकानात जे मिळतं ते घालून आपल्याच घरात फिरायची लाज वाटते. गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत, अंगासरशी बसेल असं काही शिवता येईल का हो?"

"येईल," वन्सं म्हणाल्या. चेन लावताना मानही वर केली नाही.

मग मात्र आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. ताणलं जाणारं कापड आणलं, तर घरच्या मशीनची सुई त्यावर टाके गाळायची. गोल टोकाची सुई मिळवली, तर दोरा ताणाला तुटायचा. नागमोडी टाका घालून पाहिला, तो टिकला. तो ताणून ताणून त्या घरभर दाखवत फिरल्या, अगदी बाळालाही. त्यानं तोंडात घातला. "चवीलाही चांगलाय," वन्सं म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन नोकरी सोडल्याचं सांगून आल्या.

मुकादम वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "ताई, तुमच्या यंत्रावर कव्हर घालून ठेवतो. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. ह्या वयात असले उद्योग म्हणजे हौस असते, फिटली की या परत."

"हौस!" घरी येऊन त्या मला म्हणाल्या. "तिथे परत बसले ना, तर उठायचे नाही मी. तिथूनच न्यावं लागेल मला."

शिट्टीबाईंच्या वर्गातल्या सहा जणींचे पोशाख तयार झाले. सगळे माझ्या अंगावर आणि मग त्या-त्या बाईच्या अंगावर घालून पाहिले होते. कोरडे. एकापेक्षा एक सुबक. घालायच्या दिवशी वन्सं तलावाच्या काठावर बाकाच्या अगदी टोकाला बसल्या, शेजारी मी आणि मांडीवर बाळ.

पहिल्यांदा पोस्टातल्या बाई उतरल्या. छातीभर पाण्यात गेल्या मात्र, गळ्यातून पाणी आत शिरलं आणि त्यांच्या पाठीवर हे एवढं कुबड आलं. दाबलं तर पुढे पोट आलं. दाताच्या डॉक्टरीणबाई एक गोता मारून शिडीनं वर आल्या तर बसायच्या जागी पोशाख पाण्यानं भरून गुडघ्यापर्यंत लोंबत होता. "मी एकटीच वर येतेय का निम्मा तलाव घेऊन?" त्या म्हणाल्या, आणि सगळ्या जणी कठड्याला धरून हसत सुटल्या. चांगल्या बायका होत्या. एका हातानं गळा आणि एका हातानं खांदा धरून हसत होत्या.

वन्सं हसल्या नाहीत.

शिट्टीबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, हात कपडा धरण्यात गुंतले तर पोहायचं कशानं? पुढच्या आठवड्यात नीट करून आणाल तर माझ्या सगळ्या वर्गांना मी तुमच्याकडेच पाठवीन. नाहीतर मला दुकानाचा पत्ता द्यावा लागेल. आणि खरं सांगू? ह्या बायका दुकानात जात नाहीत. थेट घरी जातात."

घरी आल्यावर वन्संनी सहाही पोशाख टेबलावर पसरले. प्रत्येकाच्या शिवणीवर बोट ठेवत गेल्या, आणि मग खुर्चीत मट्कन बसल्या.

"मी वाढत्या अंगाचं कापलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय! गणवेश कसा शिवतात? पोरगं वर्षभरात वाढणार. आईबापांना कपडा पुढच्या वर्षीही पुरायला हवा. म्हणून माप कितीही असो, कापायचं बोटभर मोठं. जन्मभर तेच केलं. आता ही पोस्टातली बाई कुठे वाढणार आहे?"

"आडवी," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, पण पुरतं नाही. नवीन कापड पसरून त्यांनी खडूनं रेषा आखली. ह्या कपड्याला तर अंगापेक्षा कमीच कापावं लागतं, ते त्यांना कळलं होतं. रेषा अगदी बरोबर होती. पण कात्री चालू लागली की हळूच रेषेच्या बाहेर सरकायची. त्यांनी हात थांबवला. पुन्हा धरली. पुन्हा बाहेर. सवयीचा बैल, आपोआप जुन्याच वाटेनं निघालेला.

"हात ऐकत नाहीत गं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला. मुकादम. यंत्र अजून रिकामंच आहे म्हणाला. वन्सं म्हणाल्या, "सांगते." नाही म्हणाल्या नाहीत. मी बाळाचे लंगोट घडी करत होते, माझा हात तिथेच थांबला.

"वन्सं, तुम्ही स्वतः घालून पाण्यात उतरा."

"मी? आता वरून माझंही हसं करायचंय का?"

"मी सांगून काय होणार? पाणी कुठून शिरतं, कुठे ओढतं, ते तुमच्या पाठीला कळलं तरच हातांना कळेल."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग गळ्यातली टेप काढून माझ्यापुढे धरली. "घे माप. मला माझं माहीत नाही."

मी माप घेऊ लागले. त्या डोळे मिटून उभ्या, लसीच्या रांगेतल्या मुलासारख्या. छाती, कंबर, दंड. खांद्यापाशी मी अडखळले. पुन्हा मोजलं.

"टेप वाकडी धरतेयस," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"टेप सरळ आहे, वन्सं. तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे."

त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्या हातानं तो खांदा चाचपला, जणू आता कुणी आणून बसवलाय. "तो पुढे टाकून बसावं लागतं यंत्रावर," त्या सावकाश म्हणाल्या. "तरीच माझा कुठलाही कपडा ह्या बाजूनं उतरतो. मला वाटायचं, शिवणाऱ्याची चूक."

"शिवणारं कोण?"

"मीच की!"

आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की बाळ दचकून रडायला लागलं. त्याला घेऊन मी फेऱ्या मारत होते तेव्हा वन्सं कापडावर वाकल्या. एक खांदा वर, एक खाली अशी रेषा आखली. कात्री उचलली. जरा थांबल्या.

"ही बाई काही आता वाढायची नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि कात्री रेषेवरून सुतासारखी सरळ गेली.

गडद तपकिरी पोशाखात वन्सं तलावाची शिडी उलट्या उतरल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. पाणी गळ्याशी आलं. कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. मी काठावर उकिडवी बसून विचारलं, "कुठे ओढतंय?"

त्यांनी मान वळवली नाही. आतून काहीतरी ऐकत असाव्यात तशा. "कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "धरून ठेवलंय मला." मग लगेच, "काखेत मात्र अर्धं बोट कमी करायला हवं. लक्षात ठेव. आणि गळ्याला रुंद इलॅस्टिक."

"ताई, कठडा सोडा," शिट्टीबाई पाण्यातून म्हणाल्या.

"सोडू?"

"मी आहे."

त्यांनी आधी एक हात सोडला. मग एकेक बोट करत दुसरा. शिट्टीबाईंचा तळवा पाठीखाली होता, आणि वन्संचे पाय आपण होऊन वर आले. छताकडे बघत त्या आडव्या तरंगत होत्या. कुणीच हसलं नाही. पोस्टातल्या बाईंनी मात्र आपली टोपी काढून हातात धरली होती, का कोण जाणे.

"अगं," वन्सं छताला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "पाण्यात खांद्याला वजनच नसतं."

त्यानंतर कात्रीनं कधी रेषा सोडली नाही. सहाही पोशाख नव्यानं कापले गेले, आणि त्या आठवड्यात डॉक्टरीणबाई शिडीनं वर आल्या तेव्हा तलाव जागच्या जागी राहिला. शिट्टीबाईंनी आनंदानं इतक्या जोरात शिट्टी फुंकली की पलीकडच्या रांगेतल्या बायका पोहता पोहता थांबल्या. संध्याकाळी वन्संनी स्वतःहून मुकादमाला फोन लावला.

"कव्हर काढा यंत्रावरचं," त्या म्हणाल्या. "बसवा दुसऱ्या कुणाला. आणि तिला सांगा, स्टूल उंच घे, खांदा पुढे टाकू नकोस. सांगाल ना? नक्की सांगा."

आता बैठकीच्या खोलीत चहा मागायचीही सोय राहिलेली नाही. पडद्यामागे सतत कुणीतरी हात वर करून उभं असतं, आणि दातांच्या फटीतून आवाज येतो, "पोट आत ओढू नकोस." सोमवारी वन्सं स्वतः वर्गाला जातात. अजून कठडा सोडून फार लांब जात नाहीत. पण जातात.

परवा माझा नवरा दोरीवरचे कपडे काढत होता. टोकाला हँगरवर तो तपकिरी पोशाख होता, ओला. एक खांदा खाली. त्यानं तो सरळ केला, तो पुन्हा उतरला. त्यानं पुन्हा केला.

"ताईनं जगाचं सरळ शिवलं आणि स्वतःचं बघ, वाकडं," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "बरोबर आहे तो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पोशाखाकडे. हात काढून घेतला. खांदा आपला सावकाश खाली आला, जागेवर बसला, आणि त्याच्या टोकावरून पाणी बाळाच्या लंगोटांवर ठिबकत राहिलं.